पलीकडच्या खोलीतला खेळाडू

मंगळवार, ४ मार्च

आज नको तेच करून बसले.

दुपारच्या प्रयोगाला एक जोडी आलीच नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम परगावी. जाताना बजावून गेल्या होत्या — "सगळ्या जोड्या याच आठवड्यात उरकायच्या!" त्याची शाळा सुटल्यावर नवरा मला न्यायला आला होता, बाहेर बाकावर पोरांचे पेपर तपासत बसला होता. म्हटलं, प्रयोगाला बसतोस का?

"बेडूक म्हणून ना? बसतो की!"

भूगोलाचा मास्तर, कशालाही तयार. त्याला एका खोलीत बसवलं. समोर कोण आहे हे खेळणाऱ्यांना कळता कामा नये, हा आमचा पहिला नियम. आणि शेजारच्या खोलीत जाऊन बसलं कोण? मीच!

दोन बटणं — 'साथ' आणि 'पाठ'. दोघांनी साथ दिली तर दोघांचं बरं चालतं. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने पाठ फिरवली, की पाठ फिरवणाऱ्याची चंगळ, साथ देणारा कोरडाच. दोघांनी पाठ फिरवली तर दोघांनाही जेमतेम. पडद्यावर दिसणारे गुण बदलले की खेळाचा प्रकार बदलतो. या प्रकाराला आम्ही 'पेच' म्हणतो. सगळ्यांत खाष्ट प्रकार.

पहिल्या फेरीत त्याने साथ दिली, मी पाठ. वाटलं, आता चिडेल. पुन्हा साथ! मग मला चेवच आला. बघू तरी कुठवर ताणता येतं. शेवटच्या फेरीपर्यंत तो देत राहिला, मी ओरबाडत राहिले.

घरी येताना म्हणाला, "समोरचा पक्का होता हं." आणि हसला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

बुधवार, ५ मार्च

सकाळी माझा डबा त्यानेच भरला. दुपारी उघडला आणि तसाच झाकून ठेवला.

शुक्रवार, ७ मार्च

मॅडम परतल्या. निकालाचे कागद चाळता चाळता त्या जोडीपाशी थांबल्या. चष्मा कपाळावर.

"हे बघ गं! आपले चार प्रकार. एकात साथ देणंच फायद्याचं, तिथे प्रश्नच नाही. दुसऱ्यात दोघांनाही साथ हवी असते, फक्त एकमेकांचा भरवसा नसतो. तिसऱ्यात जो आधी वाकेल तो घाट्यात, पण कुणीच वाकलं नाही तर दोघं बुडणार. आणि चौथा हा पेच. पेचात असं कुणी खेळतं का? हा माणूस पडद्यावरचे आकडे बघतच नव्हता. त्याच्या मनात भलताच खेळ चालला होता. कोणता, ते मला कळत नाहीये!"

मग दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून — "आणि हा दुसरा. काय निर्लज्ज माणूस!"

मी म्हटलं, "हो ना."

हो ना म्हटलं मी!

प्रयोगावरच्या लेखाची सुरुवात याच जोडीने करायची म्हणतायत.

रविवार, ९ मार्च

तो गच्चीवर सायकल पुसत होता. फडकं मागितलं, नेऊन दिलं. "थँक यू" म्हणाला. एवढ्याशा गोष्टीला! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवार, १० मार्च

मॅडमना सांगून टाकलं. कारणं ठरवून गेले होते — जोडी आली नाही, वेळ नव्हता, तुमचीच घाई होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

त्या पेनचं टोपण काढत-घालत राहिल्या.

"नियम मोडलास. ती जोडी काढून टाकू, पुढचे प्रयोग दुसरं कुणीतरी घेईल. ते निस्तरता येईल." मग आवाज खाली आला. "पण पहिल्या फेरीनंतर थांबता आलं असतं की तुला?"

जिन्यात येऊन कठडा धरून उभी राहिले. खालून शिपाई येत होता, तर उगाच चपलेचा बंद बघायला वाकले.

मंगळवार, ११ मार्च

त्याला सांगायचं होतं. जेवताना दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा पाणी.

माझ्याच घरात चोरासारखी वावरतेय. आणि तो विचारतो, "बरं नाही का तुला?"

बुधवार, १२ मार्च

सांगितलं. तो भांडी विसळत होता. मागे न वळता म्हणाला, "माहीत होतं. त्या दोन खोल्यांमधली भिंत अगदी पातळ आहे. दर वेळी बटण दाबलं की तू हसायचीस."

मी विचारलं, मग तू का नाही पाठ फिरवलीस?

नळ बंद केला त्याने.

"म्हटलं, एकदा तरी वळशील."