मायच्या समोरचं दार

प्रिय ताई,

उद्या आपल्या कोलाम पोडावर, वस्तीवर, इंजिनीयर साहेब चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायला येणार आहेत, नव्या घरकुलांचे पाये आखायला. एरवी तुम्हाला फोनच केला असता. आता कुठं लावू?

आमच्या चालीरीतींचा अभ्यास करायला तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा बाया कुजबुजल्या, "कोन व ही, घरादारात डोकावून राह्यली?" मायनं मात्र तुम्हाला घरातच ठेवून घेतलं. किती प्रश्न हो तुमचे! भाकर तव्यावर करपायची, पण तुमचं विचारणं संपायचं नाही.

पुढे सरकारनं आम्हाला वणीच्या रस्त्याला, एका ओळीतल्या घरांत न्यायचं ठरवलं. तुम्ही सरकारी साहेबांशी भांडलात. यांची घरं चावडीभोवती असतात, तिथंच राहू द्या म्हणालात, तसा अहवाल दिलात. म्हणून आज आम्ही जागच्या जागी आहोत. ते मी विसरेन का?

पण ताई, त्याच अहवालात केवढा घोळ करून ठेवलात! कोलामांची दारं पूर्वेला असतात म्हणे. अहो, मायचं घर चावडीच्या पश्चिमेला, म्हणून तिचं दार पूर्वेला. आमची दारं चावडीकडे असतात, दिशा कुठलीही असो. माझं घर चावडीपलीकडे, तिच्या अगदी समोर. माझं दार कधी बघितलंच नाहीत?

आता इंजिनीयर साहेब म्हणतात, "रिपोर्टात लिहून आहे, दारं पूर्वेलेच. आमी काय मनानं करून राह्यलो?" म्हणजे माझ्या घराची पाठ चावडीला! माय आता चालत नाही. खाटेवर बसून दिवसभर माझ्या दाराकडे बघते, सुनेला हाका मारते. काल म्हणाली, "मंग मी कायच्याकडे पाहू रे? भिंतीकडे?"

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा हे फोनवर सांगितलं, तर आधी हसलात, मग म्हणालात, "चुकलंच माझं. बरी झाले की येते, साहेबांशी मीच बोलते." तुम्ही आला असतात, मला ठाऊक आहे; पण दवाखान्यातून परतलाच नाहीत. खूप आठवण येते हो.

उद्या तुमची चूक मी सगळ्यांसमोर सांगणार. रागवू नका. तुम्ही ती कबूल केली होती, हेही सांगेन. तुमचं नाव खाली जाऊ देणार नाही. साहेबांनी ऐकलं तर ठीक. नाही तर मायनं आधीच बजावलंय, "माही खाट त्या रेघेवर नेऊन ठेव. पाहू कोन भिंत बांधते!"

खाट तीच आहे ताई, तुम्ही झोपायचात ती.

तुमचा,
चावडीपलीकडचा लेतू