मामंजींनी दिलेलं मैदान

४ फेब्रुवारी
भाऊजींनी मैदानाच्या फाटकाला कुलूप घातलं! सकाळी बघते तर मुलं गजांना लोंबकळतायत आणि गादीवाला कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बाहेर ताटकळतोय. माझा सख्खा धाकटा दीर हा. जनाची नाही, निदान मनाची तरी!

मैदान मामंजींनी गल्लीला दिलं, रीतसर कागद करून. अट एकच — लोक वापरतील तोवर लोकांचं, वापर थांबला की घरच्यांना परत. भाऊजी म्हणतात, "आता कोण वापरतंय, वहिनी? परत आलं तर अर्धं तुमचंच आहे." खोटं कशाला लिहू, क्षणभर मोह झाला. छप्पर गळतंय. मग खिडकीतून त्या लोंबकळणाऱ्या पोरांकडे बघितलं. नको बाई.

५ फेब्रुवारी
गल्लीनं तक्रार केली. पहिली सही माझी. कुलूप निघालं. भाऊजी बोलत नाहीत — तेवढीच डोक्याला शांतता.

१३ फेब्रुवारी
आमच्या तक्रारीवरून परवा पाहणीचे साहेब येणार. वापर दिसला तर मैदान गल्लीचं, नाही तर तिथे भाऊजींचं गोदाम.

समोरच्या फौजदारीणबाईंनी (नवरा फौजदार नाही, हिचा आवाज तसा आहे) सूत्रं हातात घेतली. "मोठा माणूस येतोय, गल्लीची शोभा व्हायला नको." वाळत घालायच्या दोऱ्या सोडल्या, गादीवाल्याला सुट्टी दिली, परवा मुलांना घरात कोंडायचं ठरलं. मीही खराटा हातात घेतला. कंबर कामातून गेली, पण मैदान कसं लख्ख दिसतंय!

१५ फेब्रुवारी
आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

साहेब फाटकात उभे राहिले. आत चिटपाखरू नाही. आम्ही सगळे आपापल्या दारात, इस्त्रीच्या कपड्यांत, हात जोडून. साहेब म्हणाले, "इथे कुणी येत नाही वाटतं?" भाऊजींचा चेहरा असा खुलला, स्वतःच्या लग्नातही इतका खुलला नव्हता.

मी धावत गेले. "साहेब, तुम्ही येणार म्हणून आवरलं हो." ते म्हणाले, "पाहुण्यासाठी घर आवरतात, बाई. घरच्यांना बाहेर काढत नाहीत." पुन्हा येईन म्हणाले, पण न सांगता. भला माणूस.

१६ फेब्रुवारी
फौजदारीणबाई दिसल्या नाहीत. घसा बसलाय म्हणे. गल्लीत पहिल्यांदाच कुणाला रेडिओ नीट ऐकू आला.

२७ फेब्रुवारी
आले! कुणाला पत्ताच नाही. फाटकातून शिरले ते थेट एका ओल्या चादरीत. तिथून सुटले ते गादीवाल्याच्या कापसात. मिशीला कापूस, फाइलीवर चेंडूचा ठप्पा. पोरं ओरडतायत, "काका, मधून बाजूला व्हा ना." फौजदारीणबाईंनी तर त्यांना ओळखलंच नाही. "ओ, चादरीला चिखल लावलात ना? तुमचं इथे काम काय?"

साहेब मिशी झटकत म्हणाले, "काही नाही. झालं माझं काम."

हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. भाऊजी घरात निघून गेले. जरा वाईटही वाटलं त्यांचं.

९ मार्च
निकाल लागला. मैदान कायमचं गल्लीचं. घरच्यांचा हक्क संपला, म्हणजे माझाही. फार फार आनंद झालाय. साखर घेऊन आधी भाऊजींकडेच गेले. म्हणाले, "स्वतःचं अर्धं घालवून साखर वाटणारी बाई मी आजवर पाहिली नव्हती." पण घेतली. दोन चिमटी घेतली. मनातली अढी सुटली असावी.

१२ मार्च
मोजणीवाले आले, निकालाप्रमाणे हद्द आखायला. फीत धरत धरत माझ्या मागच्या दारातून आत शिरले आणि शेगडी ओलांडून थेट माजघराच्या उंबऱ्यावर खडूनं रेघ मारली. ह्यांनी हौसेनं वाढवलेलं स्वयंपाकघर अख्खं मैदानात! भाऊजी हसता हसता खाली बसले. फौजदारीणबाई म्हणाल्या, "राहू दे, आपण अर्ज करू." मी म्हटलं, नको, दिलं म्हणजे दिलं. फक्त आजचा दिवस शेगडी वापरते — आणि गल्लीतल्या समस्त घरमालकांसाठी चहा टाकला.