शनिवार पेठेतला भंडारकर

शनिवार पेठ, पुणे

आदरणीय मोठे बाबा यांना राकेशचा सविनय जयभीम.

मोठ्या आईच्या गुडघेदुखीला उतार असेल आणि आपला प्रवासाचा शीणही गेला असेल, अशी आशा करतो. (त्या प्रवासाबद्दलच लिहायला बसलो आहे. तीन कागद फाडले.)

पुण्यात कुठे राहावं याबद्दल ऑफिसात प्रत्येकाचं ठाम मत आहे, खोली मात्र कुणाकडे नाही. आधी कात्रजला गेलो. तिथले मालक माझं आडनाव ऐकेपर्यंत फार प्रेमळ होते. मग म्हणाले, खोली कालच गेली. ('खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे महिनाभर तिथेच होती. मी दर रविवारी जाऊन पाहायचो. का, ते विचारू नका.) म्हणून शनिवार पेठेत मालकीणबाई सुशीलाबाईंनी "आडनाव?" म्हणताच माझ्या तोंडून खोब्रागडेऐवजी भंडारकर निघालं. "कुठले भंडारकर?" "भंडाऱ्याचे," मी म्हणालो. त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी दारावर तशी पाटी लागली आणि सहा महिने मी तिच्याखालून खाली मान घालून जा-ये केली.

आपण न कळवता आलात तेव्हा मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. आपण विचारलंत, "खोब्रागडे इथेच राहतात ना?" बाई म्हणाल्या, "या नावाचं इथे कुणी नाही." आपण त्यांची माफी मागितलीत, पिशवी उचललीत. मी ओला शर्ट तोंडापुढे धरून उभा राहिलो. खाली धावलो तेव्हा आपण कोपऱ्यावरही नव्हतात. (आपण मोबाईल वापरत नाही, याचं त्या दिवशी मला बरंच वाटलं. हेही लिहूनच टाकतो.) घरी पोहोचून मोठ्या आईच्या फोनवरून आपण म्हणालात, "पत्ता उतरवून घेताना माझीच चूक झाली." मी म्हणालो, "होतं असं."

मोठे बाबा, पत्ता बरोबर होता.

काल बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी पाटीसाठी विचारलं होतं. जात विचारायची असती तर जातच विचारली असती, मी काय कुणाला भिते? आणि त्या गृहस्थांना माझ्या तोंडून खोटं ऐकवलंत." मग दार लावून घेतलं.

आपला अपराधी,
राकेश खोब्रागडे

ता. क. वर वाचून मी आपणहून सांगितलं असं वाटेल. तसं नाही. पोलिसांत भाडेकरूची नोंद करायला बाईंनी आधार कार्ड मागितलं.

ता. क. २ आज सकाळी त्यांनी जुनी पाटी काढली. नवीन आपण येऊन सांगाल तशीच रंगवायची, असं त्यांचं म्हणणं. आपण रविवारी याल का? मी स्टेशनवर थांबतो. तोवर दार कोरं आहे. इथे कोण राहतं, असं जिन्यात सगळे विचारतात. मी पूर्ण नाव सांगतो. (आवाज अजून जरा बारीक निघतो.)