पेपरात लागलेली झोप

मंगळवार, जेवणानंतर

आज गणिताच्या पेपरात मला झोप लागली. घरी कसं सांगू हे? रात्रभर जागून सगळं केलं होतं. पहाटे तर गणितं भराभर सुटत होती. पेपरात पहिला प्रश्न लिहिला, जरा डोळे मिटले, आणि एकदम मॅडमचा हात खांद्यावर. "एळम्मा, टाइम आयतु." ऊठ गं, वेळ संपली, असं कानडीत सांगत होत्या. गालाखालची उत्तरपत्रिका ओली. लाळेनं. माझ्या लाळेनं! मागचं कुणीतरी हसलं.

बेळ्ळंदूरला रूमवर आले, तोच आईचा फोन. "कसा गेला गं?"

"बरा गेला."

"मग आज निवांत झोप हं."

मी घाईनं फोन ठेवला आणि रडले. ती ओली उत्तरपत्रिका कुणीतरी तपासणार आता.

रूममेट काव्या बेळगावची. तिनं माझा लॅपटॉप स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "उद्याच्या पेपरचं राहू दे. झोप की स्वल्प. सकाळी मी उठवते."

आडवी झाले, पण डोळे टक्क उघडे. झोपले नाही तर उद्या पुन्हा तेच होणार. काव्या केव्हाच घोरायला लागली. तिला हलवून विचारावंसं वाटतंय, कशी झोपतेस गं तू? मलाही शिकव ना.