काळजाला लात

तीर्थस्वरूप आत्यास,

चष्मा पुसून, हात जोडून शिरसाष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? त्या दिग्दर्शकाने माळ्याच्या शिडीवर तुला सत्तावीस वेळा चढवलं, असं ऐकून इथे माझीच कंबर धरली. आम्ही सगळे बरे आहोत. घरात एक खोकला आहे, तो आळीपाळीने एकेकाकडे मुक्कामाला असतो. सध्या बायकोकडे आहे, त्यामुळे घरात जरा शांतता आहे (ही ओळ तिला वाचून दाखवू नकोस).

तुझं पोस्टकार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ होती: "मी कुणाला लात घातली?" खाली सही नाही, आशीर्वाद नाही. ते वाचून मी खुर्चीत बसलो तो अर्धा तास उठलोच नाही. तेव्हा आता जे झालं ते पहिल्यापासून सांगतो. शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तुला माहीतच आहे, मी सव्वीस वर्षं या वर्तमानपत्रात प्रूफं वाचतो. इतक्या वर्षांत माझ्या नावाने एक ओळ छापून आलेली नाही आणि तशी हौसही नव्हती. चित्रपटांवर लिहितात ते आमचे परीक्षक, ज्यांना अख्खी कचेरी 'करवत' म्हणते. त्यांच्या हातून आजवर जेमतेम तीन चित्रपट जिवंत सुटले असतील. तर हे करवतसाहेब न्हाणीघरात घसरले आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. संपादकबाई थेट माझ्या टेबलापाशी आल्या. "तुम्हाला भाषा येते ना?" मी म्हटलं, "वाचता येते." त्या म्हणाल्या, "मग उद्यापासून लिहिता पण येते," आणि पास ठेवून निघून गेल्या. पासवर लिहिलं होतं: 'आई कुठाय?', नाताळातल्या कुटुंबाची धमाल गोष्ट.

आत्या, तेव्हाच सांगायला हवं होतं की बाई, या चित्रपटातली आई म्हणजे माझी सख्खी आत्या. शब्द अगदी ओठांवर आले होते, पण मी पास उचलून खिशात घातला. कारण मी नाही म्हटलं असतं तर पास शब्दकोडंवाल्याकडे गेला असता, आणि त्या माणसाला सुट्टीचा दिवससुद्धा आवडत नाही. एकतीस वर्षांनी तू तोंडाला रंग लावलास. "एकदा वाईट लिहून आलं की मी परत त्या वाटेला जाणार नाही," हे तू फोनवर मला हसत हसत सांगितलं होतंस, पण ते हसणं मला काही खरं वाटलं नव्हतं.

खास खेळाला आम्ही मोजून नऊ जण. परीक्षक लोक हसत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. ते वहीत 'हसू आले' असं लिहून ठेवतात म्हणे. माझ्या शेजारी समोरच्या वर्तमानपत्राचे परीक्षक होते, घडी घातलेल्या रुमालासारखे. सुरुवातीची वीस मिनिटं मीही शहाण्यासारखा बसलो. मग तू नाताळची चांदणी काढायला माळ्यावर गेलीस आणि बाहेरून कडी पडली. तू वरून हाका मारल्यास, पण खाली कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. खाली तिन्ही मुलांना वाटलं, आई आपल्यावरच रुसून घर सोडून गेली. जो तो आपापला गुन्हा कबूल करत सुटला आणि तू वरच्या झरोक्याला कान लावून सगळं ऐकत बसलीस. इथपर्यंत मी तग धरला. पण तो नळदुरुस्तीवाला दार उघडतो आणि तू त्याला ओठांवर बोट ठेवून म्हणतेस, "दहा मिनिटं थांबा हो, धाकटीचं राहिलंय," तिथे माझा बांध फुटला. मी असा हसलो की हातातला चहा थेट शेजारच्या रुमालसाहेबांच्या मांडीवर. वर मला उचकी लागली, ती चित्रपट संपेपर्यंत. आणि आत्या, थोरला म्हणतो की आईने मला कधी ओरडून सांगितलंच नाही, म्हणून मला कधी ऐकूच आलं नाही, तिथे तू काहीच केलं नाहीस. हातातली चांदणी नुसती पदराने पुसत राहिलीस. तेवढ्यापुरती माझी उचकीसुद्धा थांबली होती.

घरी येऊन बावीस पानं लिहिली. जागा होती दीड पानाची. कापून कापून एक वाक्य मात्र मी कुणाला हात लावू दिलं नाही: 'माळ्यावरची ही आई प्रेक्षकांच्या काळजाला थेट हात घालते.' माझं अक्षर तुला माहीत आहे, ह आणि ल जुळे भाऊ दिसतात. ऑपरेटरने दिसलं ते टाइप केलं, त्यात त्याचा दोष नाही. प्रूफ कोणी वाचलं? मीच, एकदा नाही, तीनदा. सव्वीस वर्षं जगाच्या वेलांट्या सुधारल्या आणि स्वतःचं वाचताना मला कागदावरचं दिसेना, मनातलंच दिसत राहिलं. सकाळी अंक हातात घेतला तर दुसऱ्या परिच्छेदात तू प्रेक्षकांच्या काळजाला थेट लात घालत होतीस.

मी कचेरीत गेलो तो राजीनामा खिशात घालूनच. संपादकबाईंनी बसायला सांगितलं नाही. "ही बाई तुमची कोण?" (हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. माझ्या तोंडावर लिहिलं असावं, आणि तेही बिनचूक.) मी म्हटलं, "आत्या." "सख्खी?" "सख्खी." बाईंनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत घातला. म्हणाल्या, "नातं लपवलंत ही चूक. उद्या खुलासा छापायचा, तुमच्या नावानिशी. हाताचा आणि आत्याचा, दोन्हीचा." खुलासा छापला: 'लात' ऐवजी 'हात' असे वाचावे, आणि लेखक हे सदर अभिनेत्रीचे भाचे आहेत. त्यावर वाचकांची अकरा पत्रं आली. नऊ जणांचं म्हणणं, आम्ही चित्रपट पाहिला, लातच बरोबर आहे, खुलासा मागे घ्या. निर्मात्याने तर ते लातेचं वाक्य पोस्टरवरच छापलं. तू पाहिलंस ते हेच पोस्टर. करवतसाहेब डाव्या हाताने चिठ्ठी लिहून गेले: 'तीस वर्षांत माझ्याकडून असं वाक्य झालं नाही. चुकूनही नाही.' राजीनामा अजून खिशातच आहे, आता त्याची घडी मोडली आहे.

भाचा म्हणून माझ्या शब्दाला किंमत नाही हे खरं, म्हणून बाकीच्यांचं सांगतो. रुमालसाहेबांनी (डाग असलेल्या पँटसह) लिहिलं की चित्रपट पाकात बुडवलेला आहे, शेवटच्या मिठ्यांतल्या निम्म्या सहज कापता आल्या असत्या. परंतु माळ्यावरची बाई दिसेनाशी झाली की पडदा ओस पडतो. मिठ्यांच्या बाबतीत, खरं सांगायचं तर, मीही त्यांच्याच बाजूचा. रेडिओवरच्या बाईंनी थोरल्याच्या नटाला ठोकळा म्हटलं आणि तुझ्या त्या चांदणी पुसण्यावर सबंध चार मिनिटं बोलल्या. वाईट लिहिणाऱ्यांनीही तुझ्यापुरतं पेन खाली ठेवलं. तेव्हा पुढचं काम आलं तर नाही म्हणू नकोस. शिडी नको, एवढी अट घाल.

तुझं,
घुबड

ता. क. हे पत्र खरं म्हणजे लातेबद्दल नाहीच. दीड वर्षापूर्वी बाबा तुला म्हणाले होते, "या वयात तोंड रंगवून नाचणार का?", आणि तेव्हापासून तुम्हा भावंडांत बोलणं नाही. गेल्या दोन आठवड्यांत बाबा चार वेळा दंतवैद्याकडे गेले. त्यांच्या तोंडात एकूण दात पाच. मला संशय आला. थिएटरच्या दारावर तिकिटं फाडणारा माझ्या ओळखीचा आहे, तो म्हणाला, "तुमचे वडील ना? मफलर गुंडाळून येतात. मध्यंतराच्या आधीच रडायला लागतात, विचारलं तर पडसं झालंय म्हणतात." आत्या, ते आपण होऊन फोन करणार नाहीत, तुमच्या घराण्यात ती पद्धतच नाही. तूच कर. चित्रपटाचं नाव काढू नकोस. दाताची चौकशी कर.

ता. क. २ मी पाकीट शोधायला आत गेलो तेवढ्यात बाबांनी हे पत्र वाचलं (दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला त्यांनीच शिकवलं). रागावले नाहीत. माझं लाल पेन घेतलं, खाली एक ओळ लिहिली, मग स्वतःच ती खोडली आणि चपला घालून फिरायला निघून गेले. ओळ अशी होती: 'तू वरून पहिली हाक मारलीस तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.' त्या खोडलेल्या ओळीखाली मी बारीक ठिपके देऊन ठेवले आहेत. आमच्या कामात त्याचा अर्थ एवढाच: चुकून खोडलं, मजकूर होता तसा ठेवावा.