मंगळवारी येणाऱ्या पाहुण्यांना गुरुवारचे टेबल दाखवण्याबाबत

प्रति,
मा. कक्ष प्रमुख,
विकास अनुभव आदानप्रदान कक्ष,
माणिकपूर, वसई.

अर्जदार : सौ. हेमांगी दीपेश भोईर, अध्यक्षा, खाडीकाठ सुकेळी महिला गट, वसई.

विषय : विकसनशील देशांच्या अधिकाऱ्यांची अभ्यासभेट मंगळवारऐवजी गुरुवारी ठेवण्याबाबत व मला दिलेल्या भाषणात दुरुस्ती करण्याबाबत.

संदर्भ : १) आपले निमंत्रणपत्र, दि. २४ मार्च २०२५.
२) आपल्या कक्षाची दोन पत्रे, दोन्ही दि. ९ ऑक्टोबर २०२३.
३) श्रीमती तियामिके फिरी, मलावी, यांचे पत्र, नोव्हेंबर २०२४.

महोदय,

सविनय सादर करते की,

१. संदर्भ क्र. १ नुसार दि. २२ एप्रिल, मंगळवार रोजी सात देशांतील तेरा अधिकारी 'गुरुवारचे दाखला टेबल' ही योजना अभ्यासण्यासाठी वसईत येत आहेत. त्यांच्यासमोर मी 'यशस्वी लाभार्थी' म्हणून बोलावे, असे आपण कळविले आहे. निमंत्रणाबद्दल आभारी आहे. सोबत मी काय बोलायचे याचा टाइप केलेला कागदही मिळाला. त्यात आमच्या गटाचे नाव बरोबर आहे. त्याखालच्या मजकुराबद्दल हा अर्ज आहे. मी नऊ वर्षे एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होते, त्यामुळे अर्जाची भाषा मला येते. तरीही काही गोष्टी त्या भाषेत मावल्या नाहीत. त्या जशा घडल्या तशा लिहिल्या आहेत.

२. सदर योजना सन २०१८ मध्ये तत्कालीन अधिकारी श्री. जयवंत राऊत यांनी सुरू केली. घरी खाद्यपदार्थ करून विकणाऱ्या बाईला नोंदणीचा दाखला लागतो. त्यासाठी पूर्वी तीन खिडक्या होत्या, आणि अर्जात चूक असेल तर ती कोणती हे अर्ज परत आल्यावरच कळत असे. माझ्या सासूबाई श्रीमती पुतळाबाई भोईर या आमच्यात सर्वांत जुन्या सुकेळी करणाऱ्या. राजेळी केळी सोलून, आठवडाभर उन्हात वाळवून, पानात बांधून विकतात. त्यांचा अर्ज चार वेळा परत आला, कारण एका कागदावर त्या पुतळाबाई होत्या आणि दुसऱ्यावर पुतळीबाई. राऊत साहेबांनी दर गुरुवारी अकरा ते दोन माणिकपूरच्या सभागृहात एक टेबल मांडले. त्यामागे तीन खुर्च्या : एक अर्ज भरून देणारा, एक तपासणारा, एक शिक्का मारणारा. चूक तिथेच सांगायची, तिथेच दुरुस्त करायची. सासूबाईंचे काम चाळीस मिनिटांत झाले. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "सूनबाय, परत एकदा बघ, खरंच शिक्का हाय ना."

३. चौदा महिन्यांनी राऊत साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी टेबल बंद केले नाही. त्यांनी ते फक्त मांडले नाही. पुढे आमच्या दाखल्यांची मुदत संपली, नूतनीकरणाचे अर्ज पूर्वीप्रमाणे परत येऊ लागले. दादरच्या ज्या दुकानात आमची सुकेळी जात, त्या दुकानदाराने दाखल्याशिवाय माल ठेवता येणार नाही असे कळविले. त्याचे काही चुकले नाही. एकोणीस बायकांच्या गटातल्या आठ जणी बाहेर पडल्या. कोणी कारखान्यात पॅकिंगला गेली, कोणी घरी बसली. केळी वाळवणारे हात असे रिकामे बसलेले पाहणे मला जड गेले, कारण त्यातल्या बहुतेकींना गटात मीच ओढून आणले होते.

४. म्हणून मी टेबल पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज केला आणि त्याच दिवशी नूतनीकरण त्या टेबलावर व्हावे असा दुसरा अर्ज केला. पहिल्याला उत्तर आले की सदर योजना कार्यान्वित असल्याने ती पुन्हा सुरू करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. दुसऱ्याला उत्तर आले की सदर टेबल तूर्त कार्यान्वित नसल्याने अर्जदाराने मूळ खिडकीवर जावे. दोन्ही पत्रांवर एकच तारीख आणि एकच सही आहे. मी ती शेजारी शेजारी ठेवून एकाच पानावर छायाप्रत काढली.

५. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये परदेशी शिष्टमंडळ आले. त्या सकाळी सभागृहात टेबल मांडले गेले, त्यावर नवे कापड आले, तीन खुर्च्यांवर तीन कर्मचारी आले. मला दिलेला कागद मी वाचला. त्यात 'हे टेबल दर गुरुवारी अखंड सुरू आहे' असे वाक्य होते. त्या दिवशी बुधवार होता. वाक्य माझ्या तोंडून गेले आणि टाळ्याही मिळाल्या. मला ते बरे वाटले नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

६. दुपारी पाहुण्यांना आमच्या अंगणात वाळवण दाखवायला आणले. त्यातील मलावी देशाच्या अधिकारी श्रीमती तियामिके फिरी चपला काढून थेट चटईवर बसल्या आणि सासूबाईंबरोबर केळी उलटू लागल्या. त्यांच्या जिल्ह्यात केळी भरपूर, पण विकायची तर कागदपत्रांत बायका अडकतात, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी दुभाष्यामार्फत सासूबाईंना विचारले, "पावसाळ्यातही हे टेबल दर गुरुवारी बसते का?"

सासूबाई केळ्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "टेबल कवाच बंद झाला. सायेब बदलून गेला, त्याच्यासंगं टेबलपन गेला. आता पाव्हनं येतात तवा मांडतात."

दुभाषे माझ्याकडे पाहू लागले. आमच्या गटातील मार्था डिमेलो यांनी कुवेतच्या रुग्णालयात वीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे, त्यांचे इंग्रजी उत्तम. त्यांनी ते वाक्य शब्दशः सांगून टाकले. मला वाटले, आता सगळे संपले. फिरी बाईंनी वहीचे पान उलटले, कोरे पान काढले आणि म्हणाल्या, "सकाळी तुम्ही ते कसे सुरू झाले ते सांगितलेत. आता ते कसे बंद झाले ते सांगा."

आम्ही तासभर सांगत होतो. बदलीचा आदेश आला तेव्हा टेबलाबद्दल कुठे काही लिहिलेलेच नव्हते. अर्जांची नोंदवही साहेबांच्या कपाटात होती, किल्ली त्यांच्या शिपायाकडे, आणि शिपायाचीही बदली झालेली. दोन गुरुवार बायका सभागृहात येऊन परत गेल्या आणि तिसऱ्या गुरुवारी कोणी आलेच नाही. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. फिरी बाई लिहीत होत्या.

७. माझ्यावर कारवाई होईल या भीतीत मी काही महिने काढले. कारवाई झाली नाही. नोव्हेंबरात त्यांचे पत्र आले. त्यांनी आपल्या जिल्ह्यात बाजाराच्या दिवशी असेच टेबल सुरू केले होते. पाचव्या महिन्यात त्यांच्या तिथल्या अधिकाऱ्याची बदली झाली. पण आदेशात आधीच लिहिलेले होते की टेबल पदाचे आहे, माणसाचे नाही. नोंदवही बायकांच्या समितीकडे राहील. आणि नव्या अधिकाऱ्याने पहिल्याच बाजाराच्या दिवशी टेबलावर हजर व्हावे. तो झाला. तोवर एकशे त्रेचाळीस बायकांना दाखले मिळाले होते. पत्रात त्या लिहितात, 'तुमच्या यशाची पुस्तिका आमच्याकडे आहे, छपाई सुंदर आहे. कामी आले ते तुमच्या सासूबाईंचे उत्तर. त्यांना झिकोमो सांगा.' झिकोमो म्हणजे आभार. शेवटी विचारले होते, 'आता तुमचे टेबल कसे आहे?'

८. या प्रश्नाचे उत्तर लिहिण्याआधी मी आपल्या कक्षासाठी रागात एक अर्ज लिहिला की आमच्या पाड्याला विकसनशील देश समजून मलावीहून एक शिष्टमंडळ पाठवावे. मार्थाताईंनी तो वाचला, हसल्या आणि फाडला. "वाचणाऱ्याला राग येईल, हेमांगी. शिक्का नाही येणार. त्यापेक्षा तिला खरं सांग आणि पुढचं विचार."

तसे कळविले. जानेवारीत एका दुपारी दोन वाजता मोबाइलवर व्हिडिओ कॉल झाला. इकडे आम्ही अकरा जणी, तिकडे फिरी बाई आणि त्यांच्या समितीच्या दोघी. सासूबाईंना पाहून तिकडच्या दोघींनी आपल्या वाळवणाचे सूप कॅमेऱ्यासमोर धरले. सासूबाई म्हणाल्या, "अजून एक दिवस ऊन दे, आतून वली हायेत." ते भाषांतर होऊन पोहोचले आणि सूप बाहेर गेले. मग फिरी बाईंनी विचारले, "अधिकारी नसताना तुमच्या टेबलाचा किती भाग बसू शकतो?"

हा प्रश्न आम्हाला सहा वर्षांत सुचला नव्हता. तीनपैकी दोन खुर्च्यांना सरकारी माणूस लागतच नाही.

९. दि. ६ फेब्रुवारीपासून दर गुरुवारी अकरा ते दोन मार्थाताईंच्या ओटीवर टेबल बसते. अर्ज मी भरून देते. तपासणी मार्थाताईंचे पती श्री. प्लासिड डिमेलो करतात. त्यांनी एकतीस वर्षे न्यायालयात कागद तपासले आहेत, आणि पहिल्या दिवशी त्यांनी माझाच अर्ज दोनदा परत केला. नऊ गुरुवारांत सव्वीस अर्ज गेले. खिडकीवरून परत आला फक्त एक, त्यातही फोटो जुना होता. एकवीस दाखले हातात आहेत. फुलपाड्याहून पापड करणाऱ्या तिघी येऊन गेल्या. बाहेर पडलेल्या आठपैकी पाच जणी पुन्हा वाळवणावर आहेत आणि दादरच्या दुकानात माल पुन्हा जाऊ लागला आहे. तिसरी खुर्ची आम्ही मांडतो. ती रिकामी असते. अजूनही प्रत्येक बाईला शिक्क्यासाठी कामाचा एक दिवस मोडून खिडकीवर जावे लागते.

१०. सबब विनंती की,

पाहुण्यांची भेट मंगळवार दि. २२ ऐवजी गुरुवार दि. २४ एप्रिल रोजी ठेवावी, म्हणजे सभागृहात वेगळे काही मांडावे लागणार नाही. ओटीवर तेरा जण बसतात, आम्ही बसवून पाहिले आहेत.

मला दिलेल्या कागदातील दुसरा व तिसरा परिच्छेद (टेबल अखंड सुरू असल्याचे) वगळून, टेबल केव्हा व का थांबले आणि पुन्हा कसे बसले, हे माझ्या शब्दांत सांगू द्यावे. यात राऊत साहेबांचा किंवा कोणा एका अधिकाऱ्याचा दोष मी सांगणार नाही. तसा तो नव्हताही.

शिक्क्याचा अधिकार असलेला एक कर्मचारी गुरुवारी तीन तासांसाठी द्यावा, आणि त्या आदेशात त्याचे नाव न लिहिता पदनाम लिहावे. फिरी बाईंनी पाठवलेल्या मलावीच्या आदेशाचा मराठी अनुवाद श्री. डिमेलो यांनी करून दिला आहे. त्यात देशाचे नाव बदलले की तो वापरता येईल.

११. भेटीचा वार बदलणे शक्य नसल्यास मी मंगळवारीही येईन. मात्र त्या दिवशी टेबल पाहुण्यांसाठी मांडले आहे, हे मी पाहुण्यांना सांगेन. आपल्याला आधी कळावे म्हणून आज लिहीत आहे. ही माणसे इतक्या दुरून आपापल्या बायकांचे काम सोपे करायला येतात. आपले कुठे चुकले हे ऐकून त्यांचे एक वर्ष वाचणार असेल, तर ते सांगताना मला आता संकोच वाटत नाही. आपणही माझ्या शेजारी उभे राहून ते सांगितलेत, तर पाहुण्यांना ते अधिक खरे वाटेल.

कळावे,

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
हेमांगी दीपेश भोईर
वसई, दि. ७ एप्रिल २०२५

सोबत :
दि. ९ ऑक्टोबर २०२३ ची दोन पत्रे (एकाच पानावर छायाप्रत).
श्रीमती फिरी यांचे पत्र व त्यांच्या आदेशाचा मराठी अनुवाद.
नऊ गुरुवारांच्या नोंदवहीची प्रत. मूळ वही आमच्या बायकांच्या समितीकडे राहील.