सहावी उशी

॥ श्री ॥

सांगली, ता. १४ मार्च १९७४

ति. सौ. आईस विनोदिनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पावलं. अंजूचं माप मागितलंस म्हणून सोबत दोरा ठेवला आहे. एक गाठ टाचेशी, दुसरी डोक्याशी. चार वर्षं पुरी झाली तरी शेजारची तीन वर्षांची पोर तिच्याहून उंच दिसते. हृदयाला भोक आहे तोवर अन्न अंगी लागायचं नाही, असं मिरजेचे डॉक्टर म्हणतात. दिवाळीपर्यंत थोडी वाढली, अंग धरलं, तर मुंबईला शस्त्रक्रियेसाठी पाठवू म्हणाले. आता सगळं त्या वाढण्यावर आहे.

सपाट निजवलं की तिला धाप लागते आणि गादीवर हाडं टोचतात. दिवसभर माझ्या मांडीवरच असते. उशांचं अंथरूण शिवायचं तुझ्या मनात आलंय तर लवकर शीव. तू शिवायला बसलीस की अण्णांचा चहा लांबतो, म्हणून त्यांची आगाऊ माफी मागते.

लोभ आहेच, तो अंजूवर जरा जास्त असू दे.

तुझी,
विनू

॥ श्री ॥

औंध, ता. २१ एप्रिल १९७४

चि. सौ. विनोदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

अंथरूण सयाजीबरोबर धाडलं आहे. तो एस.टी.ने सांगलीला येतोच आहे. गादीचा कापूस जड पडेल की काय, अशा विचारात होते, तेवढ्यात राहीबाई ओटीभर सावरीचा कापूस घेऊन आली. म्हणाली, "वयनी, लेकराला ह्योच घाला, लय हलका असतुया." हलका तर इतका की माजघरभर उडाला. अण्णांच्या मिशीत बसला आणि ते दोन दिवस शिंकत माझ्या नावानं खडे फोडत होते.

दोरा बरोबर चार विती भरला. वीतभर रुंदीच्या पाच उशा एकीला एक जोडल्या आहेत. चार निजायला, आणि डोक्याकडची दुमडून पाठीखाली घ्यायला, म्हणजे धाप लागणार नाही. डोक्याकडे तुझा शाळेतला परकर आहे, पायाकडे अण्णांचा जुना कोट. कोटाच्या कडेची शिवण पक्की केलेली नाही. दिवाळीआधी दुसरा दोरा धाड, दिवाळीला मी सहावी उशी घेऊन येते आणि तिथंच जोडते. यमाईदेवीला तेवढंच मागितलं आहे.

जावईबापूंना आशीर्वाद. आमची आठवण ठेवावी.

तुझी,
आई

॥ श्री ॥

सांगली, ता. ९ ऑक्टोबर १९७४

ति. सौ. आईस शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. अंजू अंथरुणावर छान टेकून बसते. पण तू एक घोळ करून ठेवला आहेस. अण्णांचा कोट पायाशी लावलास. आजोबांना पाय लागतो म्हणून पोरगी पाय पोटाशी घेऊन बसते. कितीदा समजावलं, ऐकत नाही. तेव्हा सहावी उशी आणच, आणि पाय लागला तर चालेल अशा कापडाची आण.

सोबत दोरा आहे. पहिल्याशी ताडून बघ, चार बोटं वाढली आहे. डॉक्टरांकडे सावकाश जाऊ. तू काळजी करू नकोस, जेवत जा.

अण्णांना नमस्कार. माया अशीच राहू दे.

तुझी,
विनू

॥ श्री ॥

औंध, ता. २५ नोव्हेंबर १९७४

चि. सौ. विनूस अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. दिवाळीत तुझ्याकडे बोलले नाही, ते आता लिहिते.

अंजूला ती किती वाढली ते दाखवावं म्हणून पहिला दोरा मी कनवटीला बांधून आणला होता. तू पाण्याला गेली होतीस, पोर निजली होती. टाचेपासून डोक्यापर्यंत दोरा लावला. एक गाठ टाचेशी, दुसरी डोक्याशी, बरोबर आली. बोटभरसुद्धा वाढलेली नाही. दुसरा दोरा तू कुणाच्या अंगाला लावलास की नुसताच तोडलास, ते विचारत नाही. मग तू आलीस आणि मी गुपचूप सहावी उशी जोडत बसले. परतताना स्टँडवर जावईबापूंनी अण्णांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सप्टेंबरातच मुंबईचं नाव काढू नका म्हटलं होतं. एवढं तू एकटीनं पोटात ठेवलंस. मला राग नाही आला गं, फार वाईट वाटलं. मी आनंदानं ती उशी भरत होते तेव्हा तू काय भोगत होतीस.

राहीबाईनं काल विचारलं, पोरगी वाढली का. मी हो म्हणाले. म्हणजे मीही तुझ्याच वाटेनं गेले.

सहावी उशी उसवू नकोस. अंजूचे पाय तिथवर यायचे नाहीत, हे आपण दोघी जाणतो. पण तिच्या पायाशी तू फरशीवर हात उशाला घेऊन निजतेस, तेही मी पाहिलं. ती उशी माझ्या जुन्या लुगड्याची आहे. लहानपणी ताप आला की तू त्यावरच निजायचीस. त्या उशीवर तू डोकं टेकत जा.

आणि यापुढे पत्रात खरं तेच लिही.

तुझी,
आई